अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा : रुग्णाची शुश्रूषा आणि वैद्यकीय देखरेख
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या व्याधीचा आज विचार करावयाचा आहे, तिच्या नावापासूनच गैरसमजास आरंभ होतो. अ‍ॅनोरेक्सिया या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ भूक नसणे असा आहे. मराठीत त्यास क्षुधानाश म्हणतात. परंतु अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा जडलेल्या व्यक्तीची भूक, निदान आरंभीच्या काळात, नष्ट झालेली नसते. ती असते, छळते, आणि रुग्ण तिच्याशी रात्रंदिवस झुंजत असतो. वजन वाढण्याची पराकोटीची धास्ती, देह अस्थिपंजर होत आला तरी तो स्थूलच भासणे, आणि आपण आजारी आहोत हे मान्यच न होणे ही या विकाराची मुख्य लक्षणे होत. तापाने फणफणलेला रुग्ण स्वतःहून वैद्याकडे जातो. येथे मात्र रुग्ण जेवढा अधिक आजारी तेवढा तो 'मला काही झालेले नाही' असे अधिक ठामपणे सांगतो. या एका गोष्टीमुळे त्याच्या देखभालीचे सारे गणितच बदलते.

हा आधुनिक काळाचा, चित्रपट आणि जाहिरातींनी जन्मास घातलेला आजार आहे असे पुष्कळ जण समजतात. ते अर्धसत्य आहे. इंग्लंडमधील रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ साली क्षयरोगावर लिहिलेल्या ग्रंथात अठरा वर्षांच्या एका मुलीचे वर्णन केले आहे. तिला ना ताप होता, ना खोकला. तरीही ती झिजत गेली. पुढे १८७३ साली पॅरिसचे शार्ल लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचे शास्त्रशुद्ध वर्णन केले, आणि आज रूढ असलेले नाव गल यांनी दिले. त्यांच्या निबंधातील पहिली रुग्ण सतरा वर्षांची होती. उंची पाच फूट पाच इंच, वजन ८२ पौंड, म्हणजे सुमारे ३७ किलो. नाडीचे ठोके मिनिटाला ५६, श्वसन १२, आणि मासिक पाळी जवळजवळ वर्षभर बंद. एवढ्या अशक्त अवस्थेतही ती स्वस्थ बसत नसे, सतत काहीतरी करीत राही, याचे गल यांना मोठे नवल वाटले होते. शरीराची ऊब टिकवणे आणि ठरावीक वेळाने अन्न देणे, मग रुग्णाची इच्छा असो वा नसो, हा त्यांच्या उपचाराचा गाभा होता. गरम पाण्याने भरलेली रबराची नळी पाठीच्या कण्यालगत ठेवावी, असेही त्यांनी सुचवले आहे. दीडशे वर्षांत साधने बदलली, परंतु नाडी, तापमान, वजन आणि नियमित आहार ही चौकट तीच राहिली आहे.

गल यांचे एक मत मात्र पुढील पिढ्यांना महागात पडले. अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास घरचे लोक सर्वांत अयोग्य, असे त्यांनी लिहिले. त्या विचाराच्या छायेत कित्येक दशके मुलींना आईवडिलांपासून तोडून रुग्णालयात ठेवले गेले, आणि आईवडिलांच्या माथी अपराधाची भावना कायमची मारली गेली. त्याकडे पुढे वळू.

उपासमारीने शरीराचे आणि मनाचे नेमके काय होते, हे समजण्यासाठी एका प्रयोगाचा उल्लेख आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. शस्त्र हाती घेण्यास तत्त्वतः नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने या प्रयोगात आले होते. युरोपात उपासमारीने गांजलेल्या लक्षावधी लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे जाणण्यासाठी ही खटपट होती. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली. पण अधिक बोलकी होती ती मनाची अवस्था. ज्यांना स्वयंपाकाचे काही सोयरसुतक नव्हते ते पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. मिळालेले अन्न खूप वेळ लावून खाऊ लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून दूर राहू लागले, विनोद विसरले. यांपैकी कोणालाही अ‍ॅनोरेक्सिया नव्हता. याचा अर्थ असा की, या रुग्णांच्या ज्या हट्टाला आणि विक्षिप्तपणाला घरचे लोक स्वभावदोष समजतात, त्यातील बराच भाग निव्वळ उपासमारीचा परिणाम असतो. म्हणूनच शरीर थोडे सावरल्याखेरीज मनाच्या उपचाराला धार येत नाही. कुपोषित मेंदूला समुपदेशनाचे शब्द ऐकू येतात, परंतु ते पचत नाहीत.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाची देखरेख म्हणजे दर आठवड्याला वजनकाट्यावर उभे करणे, अशी समजूत आपल्याकडे नव्हे, तर परदेशांतही दीर्घकाळ होती. वजन महत्त्वाचे आहेच. ते सकाळी, लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर घ्यावे असा दंडक आहे. परंतु भीतीपोटी वजन अधिक दिसावे यासाठी रुग्ण नाना प्रयत्न करतो. त्यात लबाडी नसते, ती आजाराची तगमग असते. तेव्हा एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. शिवाय वजनाचा आकडा हा पूर्ण सत्य सांगतोच असे नाही. मुळात स्थूल असलेल्या मुलाने चार-पाच महिन्यांत वीस-पंचवीस किलो वजन घटवले, तर तो 'आता छान दिसतो' म्हणून नातेवाईक त्याचे कौतुक करतात. त्याची नाडी मात्र मिनिटाला ४२ वर आलेली असू शकते. वजन सामान्य दिसत असूनही आजार तेवढाच गंभीर असू शकतो, ही गोष्ट अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात स्वतंत्रपणे नोंदली गेली. हा आजार मुलांना, पुरुषांना आणि प्रौढ स्त्रियांनाही होतो, हे येथेच सांगून ठेवलेले बरे.

मग पाहावयाचे काय? रुग्णास काही मिनिटे आडवे झोपवून नाडी आणि रक्तदाब मोजतात, नंतर उभे करून पुन्हा मोजतात. उभे राहताच रक्तदाब २० अंकांहून अधिक घसरला, अथवा नाडी एकाएकी तीस-पस्तीस ठोक्यांनी वाढली, तर हृदय आणि रक्ताभिसरण थकल्याचे ते चिन्ह आहे. जागेपणी, विश्रांतीच्या वेळी नाडी ४० च्या खाली असेल तर रुग्णालयाची वाट धरावी. खेळाडूंची नाडीही मंद असते, हे खरे. पण खेळाडूची नाडी मंद आहे म्हणून निश्चिंत होणारा वैद्य, उपाशी खेळाडूच्या बाबतीत फसतो. शरीराचे तापमान ३५.५ अंश सेल्सियसच्या खाली जाणे, हातपाय निळसर थंड पडणे, अंगावर बारीक मऊ लव उगवणे, हे सारे देह इंधन वाचवू लागल्याचे पुरावे होत. एक अतिशय साधी चाचणी आहे. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाने सपाट जागेवर उताणे पडून हातांचा आधार न घेता उठून बसावे, आणि उकिडवे बसून हातांच्या आधाराविना उभे राहावे. हे जमत नसेल तर स्नायू झिजण्याची मजल बरीच पुढे गेली आहे असे समजावे. खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी होऊ शकते.

याखेरीज ई.सी.जी. काढतात. त्यात हृदयाची लय आणि विशेषतः क्यू-टी हे अंतर पाहतात. ते लांबले तर हृदयाची लय एकाएकी बिघडून प्राण जाऊ शकतो. रक्तातील पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, शर्करा, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, रक्तपेशींची गणना हेही करावे लागते. येथे एक इशारा फार मोलाचा आहे. रक्ताचे अहवाल पुष्कळदा अखेरपर्यंत सर्वसाधारण असतात. शरीर हाडांतून आणि स्नायूंतून साठा काढून रक्ताची पातळी राखीत असते, ज्याप्रमाणे एखादी पेढी ठेवी मोडून रोजचा व्यवहार सुरळीत दाखवते. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. उलटी करणाऱ्या अथवा जुलाबाची औषधे घेणाऱ्या रुग्णांत मात्र पोटॅशियम झपाट्याने घसरते, आणि तो धोका तासांच्या हिशेबाने मोजावा लागतो.

यानंतरचा विषय सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अपरिचित आहे. उपाशी माणसास अन्न देणे हे पुण्यकर्म खरे, परंतु दीर्घकाळ उपाशी असलेल्यास एकाएकी भरपूर अन्न दिले तर ते प्राणघातक ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर बंदिवासातून सुटलेले कैदी पोटभर जेवल्यावर दगावू लागले, तेव्हा वैद्यकशास्त्राने याची गंभीर दखल घेतली. इंग्रजीत यास रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. उपासाच्या काळात शरीर चरबी आणि स्नायू जाळून जगते. पिष्टमय किंवा गोड अन्न पोटात जाताच इन्शुलिन स्रवते आणि पेशी साखर ओढून घेऊ लागतात. साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही पेशींत शिरते. आधीच रिते झालेले शरीर ही मागणी पुरवू शकत नाही, रक्तातील पातळी कोसळते, आणि हृदय, श्वसनाचे स्नायू व मेंदू यांवर आघात होतो. साखर जाळण्यासाठी ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, खर्ची पडते. त्याचा साठा नसेल तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून अन्न सुरू करण्यापूर्वी थायमिन द्यावयाचे, आणि पहिल्या आठवडा-दहा दिवसांत रक्तातील फॉस्फेट व अन्य क्षार रोजच्या रोज तपासावयाचे, हा नियम आहे.

आपल्याकडे अशक्त माणसास 'दोन बाटल्या ग्लुकोज चढवा' असा आग्रह नातेवाईकच डॉक्टरांना करतात, आणि लहान गावांतील डॉक्टरही तो पुरवतात. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णास हा आग्रह घातक ठरू शकतो. शिरेतून गेलेली साखर फॉस्फेटची घसरण घडवते, आणि आक्रसलेल्या, दुबळ्या हृदयावर पाण्याचा अनाठायी भार पडतो. रुग्णास गिळता येत असेल तर तोंडाने दिलेले अन्नच श्रेष्ठ. ते अशक्य झाले तर नाकातून पोटात घातलेली बारीक नळी. शिरेचा मार्ग अगदी शेवटचा.

मात्र या भयाचेही अवडंबर झाले. ब्रिटनमधील २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत कुपोषितांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० कॅलरींपासून, आणि अत्यंत गंभीर स्थितीत ५ कॅलरींपासून आरंभ करावा असे म्हटले होते. त्या सूचना प्रौढ रुग्णांसाठी होत्या, पण त्या अ‍ॅनोरेक्सियाच्या तरुण रुग्णांस सरसकट लावल्या गेल्या. परिणाम असा की, रुग्णालयात येऊनही मुलींचे वजन आणखी घटू लागले. मग अमेरिकेत बारा ते चोवीस वर्षांच्या १२० रुग्णांवर एक तुलनात्मक चाचणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, दररोज २००० कॅलरींनी आरंभ केलेल्या रुग्णांची प्रकृती १४०० कॅलरींनी आरंभ केलेल्यांपेक्षा सुमारे तीन दिवस आधी स्थिरावली, आणि क्षारांचा बिघाड अधिक झाला नाही. अर्थात, ही सर्व मुले रुग्णालयात होती आणि त्यांचे रक्त रोज तपासले जात होते. या चाचणीवरून घरच्या घरी ताट वाढवण्याचा अर्थ कोणी काढू नये. वेग किती, हे ज्याच्या हाती रोजचा अहवाल आहे त्यानेच ठरवावे.

देखरेखीत ढिलाई झाली तर काय होते, याचे एक उदाहरण ब्रिटनच्या सार्वजनिक दप्तरात नोंदलेले आहे. २०१२ साली एक १९ वर्षांची विद्यार्थिनी रुग्णालयातील दीर्घ उपचारांनंतर शिक्षणासाठी घरापासून दूर गेली. नव्या गावी, नव्या डॉक्टरांच्या हाती तिची देखरेख सोपवली गेली. तिचे वजन उतरत राहिले, आणि डिसेंबरमध्ये तिचा अंत झाला. वडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१७ च्या डिसेंबरात तेथील लोकायुक्तांनी अहवाल सादर करून, तिच्या उपचारांशी संबंधित प्रत्येक यंत्रणेकडून उणिवा झाल्या आणि हा मृत्यू टाळता आला असता, असे स्पष्ट नमूद केले. त्यापूर्वी २०१० पासूनच तेथील मनोविकारतज्ज्ञ आणि शरीरवैद्य यांच्या संस्थांनी एकत्र येऊन या आजारासाठी मार्गदर्शिका तयार केली होती. २०२२ साली तिची पूर्ण नवी आवृत्ती निघाली. तीत नाडी, रक्तदाब, तापमान, ई.सी.जी., क्षार, स्नायूंची ताकद, घटलेल्या वजनाचा वेग या प्रत्येकाच्या धोक्याच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. मनोविकारतज्ज्ञाने 'हृदय माझे क्षेत्र नव्हे' म्हणावे आणि शरीरवैद्याने 'हा तर मनाचा आजार' म्हणावे, या दोहोंच्या फटीत रुग्ण पडतो. ती फट बुजवण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्याकडे तर ही फट अधिकच रुंद आहे, कारण रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरकडे, नंतर पाळी गेली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि कित्येक महिन्यांनी मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचतो.

या दिरंगाईची किंमत मोठी असते. २०११ साली ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे सहापट आढळले, आणि दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येने झालेला होता. म्हणूनच देखरेखीत नाडीइतकीच मनाची विचारपूसही आली. 'जगणे नकोसे वाटते का?' हा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे.

आपल्या समाजाशी या विषयाचा एक नाजूक संबंध आहे, आणि तो टाळून पुढे जाणे उचित होणार नाही. हाँगकाँगचे डॉ. सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, आशियातील अनेक रुग्ण 'मला लठ्ठ होण्याची भीती वाटते' असे म्हणतच नाहीत. पोट फुगते, घास उतरत नाही, अशी कारणे ते देतात. जेथे उपवासाला प्रतिष्ठा आहे, तेथे आजार उपवासाचा वेषही घेऊ शकतो. दोहोंतील भेद ओळखता येतो. तपाला आरंभ असतो, ठरलेली मुदत असते, वडीलधाऱ्यांची आणि गुरूंची अनुज्ञा असते, पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतात, आणि शेवटी पारणे असते. पारण्याचा दिवस आनंदाचा असतो. आजारात पारण्याच्याच दिवशी भय दाटते, मुदत वाढत जाते, आणि कोणाचीही अनुज्ञा मागितली जात नाही. तपस्वी आरशात पाहत नाही आणि गुपचूप जिना शंभर वेळा चढत-उतरत नाही. घरातील सर्वांचा असलेला नियम आणि एकट्या मुलीने अलीकडे स्वतःपुरता घातलेला, दर महिन्यास एकेक पदार्थ वगळत नेलेला नियम यांत फरक करावा. शंका आली तर आधी नाडी मोजून घ्यावी. ज्यास हा आजार एकदा होऊन गेला आहे त्याने दीर्घ उपवास टाळावा, असे वैद्य सांगतात, आणि कोणताही विवेकी गुरू यास आडकाठी करील असे वाटत नाही. पारणे मोजक्या, हलक्या अन्नाने करण्याची जुनी रीत शास्त्राच्या जवळ जाणारी आहे, हेही येथे नोंदवावेसे आहे. शाकाहारी आहारातून पुनर्भरण उत्तम होते. दूध हा फॉस्फेटचा चांगला स्रोत आहे, आणि डाळी, पनीर, शेंगदाणे, तूप यांवर आहारतज्ज्ञ पूर्ण योजना आखू शकतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची प्रथा असेल तर ती प्रथमच सांगावी. पुनर्भरणात दोन खाण्यांमधील रात्रीचे अंतर फार लांबले तर रक्तातील साखर उतरते, तेव्हा काही दिवस सवलत घ्यावी लागेल.

आता आईवडिलांविषयी. गल यांच्या मताला खरे उत्तर मिळाले ते लंडनच्याच मॉडस्ले रुग्णालयात. जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयझलर आदींनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, एकोणिसाव्या वर्षाआधी आजार जडलेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या रुग्णांत, कुटुंबास बरोबर घेऊन केलेला उपचार अधिक गुणकारी ठरतो. या पद्धतीत आईवडील प्रत्येक जेवणास मुलीशेजारी बसतात, काय आणि किती वाढावयाचे ते ठरवतात, वाद घालीत नाहीत, पण ताट संपेपर्यंत उठतही नाहीत. मुलगी रडते, आरोळ्या ठोकते, प्रसंगी अपशब्दही बोलते. तो आजाराचा आवाज आहे असे समजून घ्यावे लागते. प्रकृती सावरली की जेवणाची सूत्रे हळूहळू तिच्याच हाती परत देतात. एकत्र कुटुंबात आजी, काकू, मावशी यांची येथे मोठी मदत होऊ शकते. अट एवढीच की, 'किती वाळलीस ग' किंवा 'आता गालांवर बाळसे आले' असे देहाविषयीचे उद्गार कोणीही काढू नयेत. दुसरा उद्गार आजारी मनाला 'तू जाड झालीस' असाच ऐकू येतो.

प्रौढ रुग्ण उपचारास नकार देत असेल आणि प्राणास धोका असेल तर काय करावे, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात, ठरावीक अटी पूर्ण होत असतील तर, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णास दाखल करून घेण्याची तरतूद आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा द्यावा, असेही या कायद्याने विमा कंपन्यांवर बंधन घातले आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

वजन पूर्ववत झाल्यावर देखरेख संपत नाही. पहिल्या वर्षात आजार उलटण्याचा संभव अधिक असतो, म्हणून भेटींतील अंतर हळूहळूच वाढवतात. हाडांचा प्रश्न तर अधिक काळ रेंगाळतो. ज्या वयात हाडे भरावयाची त्याच वयात पाळी बंद राहिली, तर हाडांची घनता उतरते, आणि ती पुढे पूर्णतः भरून येतेच असे नाही. पाळी येण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो, परंतु हाडे सुधारत नाहीत. उलट शरीर बरे झाल्याचा भास होतो. आपोआप आलेली पाळी हीच खरी खूण, म्हणून डॉक्टरांकडे जाताना कुटुंबाने तिच्या तारखा, गेल्या वर्षभरातील वजनाच्या नोंदी, चक्कर अथवा घेरी आल्याचे प्रसंग आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या एका कागदावर लिहून न्याव्यात. नाडी, रक्तदाब उभ्यानेही घ्यावा आणि फॉस्फेट तपासावे, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. फॉस्फेट हे नेहमीच्या तपासण्यांच्या यादीत पुष्कळदा नसते, ते नाव घेऊनच सांगावे लागते.